अर्जाला धनी हवा

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव सरकारी कागदावर कसे लिहायचे, हे महाराष्ट्रात आता ठरलेले आहे. आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. निर्णय चांगलाच होता. त्याचे स्वागतही झाले. मात्र ज्या ज्या अर्जात नाव लिहायला जागा आहे, तो प्रत्येक अर्ज या निर्णयाने एका दिवसात जुना झाला, याची चर्चा फारशी झाली नाही. जन्मनोंदणीपासून शाळाप्रवेशापर्यंत आणि जातीच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत नावाचे रकाने बदलणे भाग होते. कागदाच्या काळात नवा नमुना छापून घेतला की काम भागे. आता प्रत्येक विभागाचे संकेतस्थळ वेगळे, ते बांधणारी संस्था वेगळी आणि त्यामागचे कोष्टकही वेगळे. ही मुले मोठी होतील तेव्हा एका अर्जात नावाचे चार रकाने आणि दुसऱ्यात तीन, असे राहिले तर ‘नाव जुळत नाही’ या एका शेऱ्यावर त्यांचे अर्ज परत येतील.

म्हणून कोणत्याही सरकारी कार्यालयाला आज काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. तुमच्याकडे ऑनलाइन अर्ज एकूण किती आहेत? त्यातल्या प्रत्येकाची चालू आवृत्ती कोणती आणि ती कधीपासून लागू आहे? तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? भरलेला अर्ज कोठे साठतो आणि किती वर्षे राहतो? या प्रश्नांची उत्तरे एका जागी, एका वहीत मिळाली पाहिजेत. ती मिळत नाहीत, हेच आपल्या ऑनलाइन कारभाराचे मुख्य दुखणे आहे. अर्ज पडद्यावर आले. पण दप्तराची शिस्त त्यांच्याबरोबर आली नाही.

ही शिस्त आपल्याला परकी आहे असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राच्या महसूल दप्तराइतकी अर्ज आणि नमुन्यांची चोख व्यवस्था क्वचितच कोठे असेल. गावपातळीवरचे एक ते एकवीस नमुने, त्यांचे उपनमुने, प्रत्येकाचा क्रमांक ठरलेला आणि प्रत्येक रकान्यात काय लिहायचे ते ठरलेले. ब्रिटिश काळातील सनदी अधिकारी एफ. जी. एच. अँडरसन यांच्या महसुली हिशेबाच्या मॅन्युअलचे नाव महसूल खात्यात आजही घेतले जाते, ते या शिस्तीमुळेच. आपण सहज ‘सातबारा’ म्हणतो, तो दोन नमुन्यांचा जोड आहे. नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि नमुना बारा ही पिकांची नोंदवही. जमिनीवरचा हक्क बदलला की आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच नमुना सातवर नवे नाव चढते. त्या नावापुढे फेरफाराचा क्रमांक राहतो. जे नाव कमी झाले ते खोडून नाहीसे केले जात नाही. ते कंसात जाते आणि तेथेच राहते. एका खातेदाराची सारी जमीन एकत्र पाहायची तर आठ अ आहे.

या व्यवस्थेत नमुना सुटा नाही. कोणती नोंद कोठून आली, कोणी केली, कशाच्या आधारे केली आणि आधी तेथे काय होते, हे सारे कागदावरच वाचता येते. आज कागदपत्रे सांभाळणारी कोणतीही संगणक प्रणाली ज्या गुणांसाठी विकत घेतली जाते, ते हेच आहेत : क्रमांक, आवृत्ती, परस्परांशी जोड, बदलाचा माग आणि जबाबदार माणूस. तलाठ्याच्या दप्तरात ते शाई आणि कागदावर सांभाळले जात होते. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला गेला, तेव्हा गावाच्या नावासोबत गावाचा कोड आला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक आला, प्रलंबित फेरफार दाखवण्याची सोय झाली. हा बदल शासनाच्या निर्णयाने झाला आणि साऱ्या राज्यासाठी झाला. म्हणजे नमुन्याला धनी असला की बदल नीट होतो.

मग इतर ऑनलाइन अर्जांच्या वाट्याला ही शिस्त का आली नाही? कारण ते अर्ज दप्तराचे काम म्हणून तयार झाले नाहीत. संकेतस्थळाचे काम म्हणून तयार झाले. योजना जाहीर होते, तारीख जवळ असते, निविदा निघते किंवा असलेल्या संस्थेला सांगितले जाते आणि पडद्यावर रकाने उभे राहतात. कोणता रकाना कोणत्या नियमासाठी, ही नोंद बहुधा कोणी ठेवत नाही. योजनेची अट बदलली की त्यात एक रकाना वाढतो. पण आधीच्या अटीवर ज्यांनी अर्ज केले त्यांचे काय, याचा विचार मागे पडतो. कंत्राट संपते, नवी संस्था येते, नवे संकेतस्थळ येते. जुन्या संकेतस्थळावरच्या अर्जांचा क्रमांक नव्यावर टाकला तर काहीच दिसत नाही. अर्जदाराच्या हातात असलेली पोच तेवढी खरी राहते.

याची लक्षणे रोज दिसतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालय देते. तो देताना त्याची नोंद सरकारच्याच संगणकात होते, त्यावर डिजिटल स्वाक्षरी होते. तोच दाखला शिष्यवृत्तीच्या किंवा फीसवलतीच्या अर्जासाठी छापून, पुन्हा स्कॅन करून, ठरावीक केबीच्या आत बसवून चढवायला सांगितला जातो. या फेऱ्यात डिजिटल स्वाक्षरीचा सारा उपयोग संपतो. कारण छापून स्कॅन केलेल्या चित्रावरची स्वाक्षरी संगणकाला तपासता येत नाही. म्हणजे खात्रीचा कागद सरकार देते आणि बिनखात्रीची प्रत परत घेते. डिजिलॉकर २०१५ साली सुरू झाले. त्यातून मिळालेला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा मानावा, असा नियम २०१७ पासून आहे. तरीही अर्जात दाखल्याचा क्रमांक विचारून तो थेट मागवून घेण्याऐवजी चित्रच मागितले जाते.

दुसरे लक्षण त्याहून गंभीर आहे. ‘ऑनलाइन भरलेल्या अर्जाची प्रत काढून, स्वाक्षरी करून, कागदपत्रांसह कार्यालयात जमा करावी’ ही सूचना अनेक अर्जांखाली असते. या एका वाक्याने अर्जाच्या दोन मूळ प्रती तयार होतात. एक संगणकात, दुसरी टेबलावर. दोघींत फरक पडला तर खरी कोणती? मुदत कोणत्या तारखेने मोजायची : ऑनलाइन पाठवल्याच्या की टेबलावर पोचल्याच्या? अपील झाले तर निर्णय कोणत्या प्रतीवर होईल? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे सेवेला मुदत आहे. ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मुदत मोजण्याचा आरंभबिंदूच दोन झाले तर त्या कायद्याची धार बोथट होते आणि त्याचा तोटा नागरिकालाच होतो.

तिसरे लक्षण म्हणजे निवडीच्या याद्या. जिल्हा, तालुका, गाव, मंडळ, जात, अभ्यासक्रम अशा याद्या अर्जात असतात आणि त्यातूनच निवडावे लागते. याद्याही काळानुसार बदलतात. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही जिल्ह्यांची नावे अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. पुढच्या वर्षी अहमदनगर अहिल्यानगर झाले. २०२४ मध्येच तलाठी हे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे बदलले. ज्या माणसाच्या जन्मदाखल्यावर जुने नाव आहे, त्याच्यापुढे नव्या नावांची यादी आली तर जुने आणि नवे एकच आहे हे संगणकाला माहीत असले पाहिजे. त्यासाठी यादीतल्या प्रत्येक नावामागे न बदलणारा कोड आणि त्या नावाचा काळ नोंदवावा लागतो. सातबाऱ्यावर गावाचा कोड आला तो याच कारणासाठी मोलाचा आहे. गावाचे नाव बदलेल, कोड टिकेल.

पण सर्वांत मोठा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. कागदी अर्जात प्रश्न आणि उत्तर एकाच कागदावर असतात. अर्जदाराने कोणत्या वाक्याखाली सही केली, ते वीस वर्षांनीही वाचता येते. ऑनलाइन अर्जात बहुधा केवळ उत्तरे साठतात. प्रश्न, सूचना आणि हमीपत्राचा मजकूर वेगळ्या साच्यात असतो. कोणी जुना अर्ज उघडला की संगणक साठलेली उत्तरे आजच्या साच्यात ओतून दाखवतो. मधल्या काळात हमीपत्राचे वाक्य बदलले असेल तर काय होईल? जुन्या अर्जदारानेही नवे वाक्यच मान्य केले होते असे दिसेल. समजा, एका योजनेच्या हमीपत्रात आधी ‘कुटुंबात चारचाकी वाहन नाही’ असे होते आणि नंतर त्यात दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेत नसल्याचे कलम जोडले गेले. आधी अर्ज केलेल्या बाईने ते कलम कधी पाहिलेही नाही. तरी चौकशीच्या दिवशी पडद्यावर तिच्या नावाखाली ते उमटेल आणि खोटी हमी दिल्याचा ठपका तिच्यावर येऊ शकेल. हा तांत्रिक बारकावा नाही. हा माणसाच्या शब्दाचा प्रश्न आहे. त्याने न दिलेला शब्द त्याच्या नावावर चढवण्याचा कोणालाही अधिकार नाही.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६ ने सरकारदरबारी इलेक्ट्रॉनिक अर्ज भरण्याला मान्यता दिली. कलम ७ ने तो कसा जपायचा ते सांगितले. नोंद पुढे कधीही पाहता आली पाहिजे. ती ज्या स्वरूपात तयार झाली, पाठवली किंवा मिळाली त्या स्वरूपात, किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात राहिली पाहिजे. आणि ती कोठून आली, कोठे गेली, कोणत्या दिवशी व वेळी, हे कळले पाहिजे. साच्यात उत्तरे ओतून दाखवणारी व्यवस्था यातल्या दुसऱ्या अटीवरच अडते. उपाय कठीण नाही. अर्ज दाखल झाल्याच्या क्षणी प्रश्न, उत्तरे, सूचना आणि हमीपत्र यांसह त्याची संपूर्ण प्रत दीर्घकाळ जपण्याजोग्या स्वरूपात गोठवायची. पीडीएफ-ए हे त्यासाठीच ठरवलेले आंतरराष्ट्रीय मानक २००५ पासून उपलब्ध आहे. त्या प्रतीवर साच्याचा आवृत्ती क्रमांक, वेळ आणि डिजिटल मोहोर उमटवायची आणि ती ई-ऑफिसमधील नस्तीला जोडायची. उत्तरांचे कोष्टक आकडेवारीसाठी वेगळे राहू द्यावे. पुरावा म्हणून मात्र ही गोठवलेली प्रतच मानावी.

त्या प्रतीची एक नक्कल अर्जदाराच्या हातीही पडलीच पाहिजे. आपल्याकडे फार मोठ्या संख्येने लोक स्वतः अर्ज भरत नाहीत. आपले सरकार सेवा केंद्रात किंवा गावातल्या कोणा जाणकाराकडून भरून घेतात. त्यांनी काय सांगितले आणि भरणाऱ्याने काय टाइप केले, यात फरक पडू शकतो. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमीजास्त झाले तरी पुढे आधारशी नाव जुळत नाही. आज हाती येते ती बहुतेकदा अर्जाचा क्रमांक आणि भरलेली रक्कम दाखवणारी पावती. मजकूर वाचायला मिळत नाही. महसूल खात्याने या बाबतीत एक उत्तम धडा घालून दिला होता. हस्तलिखित सातबारे संगणकात आल्यावर २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातले सातबारे लोकांना वाचून दाखवले, चुका नोंदवल्या आणि दुरुस्त्यांचे काम हाती घेतले. लेखनप्रमादासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५५ होतेच. माणसाने सांगितलेले त्याला वाचून दाखवायचे आणि त्याच्या होकारानंतरच पक्के करायचे, ही पद्धत प्रत्येक ऑनलाइन अर्जाला लागू झाली पाहिजे, आणि तीही मराठीत.

जपणुकीची दुसरी बाजू म्हणजे नाश. आपल्या कार्यालयांत अभिलेखाचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. अ वर्ग कायमचा. ड वर्ग अल्पकाळाचा, काम संपल्यावर नष्ट करायचा. ऑनलाइन अर्जांना हा वर्ग बहुधा दिलाच जात नाही. त्यामुळे उलटेच घडते. जे कायम राहायला हवे ते संकेतस्थळ बदलताना हरवते आणि जे केव्हाच नष्ट व्हायला हवे ते साठून राहते. नामंजूर झालेल्या अर्जासोबतची आधारची प्रत, बँकेच्या पासबुकाचे पान, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, घटस्फोटाचा निकाल, हे सारे कोणत्या तरी सर्व्हरवर पडून राहते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने काम संपल्यावर माहिती पुसण्याचे बंधन घातले. पण सरकारी यंत्रणांना त्या बंधनातून सूट दिली. म्हणून ही जबाबदारी आता अभिलेखाच्या नियमांवर येते. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम ४ सुद्धा प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला अभिलेख सूचीबद्ध ठेवायला सांगते. दोन्ही कायदे एकाच वर्षाचे. त्यांची अंमलबजावणी अर्ज जन्माला येतो त्या दिवसापासून झाली पाहिजे : नमुना मंजूर करतानाच त्याचा वर्ग आणि मुदत ठरली पाहिजे.

हे सारे जमण्यासारखे आहे, याचे उदाहरण पुन्हा शेतीतच सापडते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करतो. पिकाचा फोटो, जागा आणि दिनांक त्या नोंदीला चिकटतो आणि नोंद जाते ती थेट नमुना बाराच्या ठरलेल्या रकान्यात. अर्ज आणि अभिलेख यांच्यात दरी नाही. अडचणी तेथेही आहेत. नेटवर्क नसलेली शिवारे आहेत, मोबाइल न वापरणारे म्हातारे खातेदार आहेत, मुदतीच्या शेवटच्या दिवसांत ॲपवर येणारा ताण आहे. त्यासाठी मदतनीस आणि कागदाचा पर्याय दोन्ही जिवंत ठेवावे लागतील. पण पाया बरोबर आहे, कारण तो नमुन्यापासून सुरू झाला, पडद्यापासून नव्हे.

मागणी म्हणून आम्ही पुढील गोष्टी मांडतो. प्रत्येक विभागाने आपल्या सर्व ऑनलाइन अर्जांची एक नोंदवही करावी. तिच्यात अर्जाचा क्रमांक, आवृत्ती, लागू झाल्याची तारीख, त्यामागचा नियम किंवा शासन निर्णय आणि अभिलेखाचा वर्ग असावा. प्रत्येक अर्जाला पदनामाने एक जबाबदार अधिकारी नेमावा. त्याच्या लेखी मंजुरीशिवाय एकही रकाना वाढू नये, एकही वाक्य बदलू नये. अर्ज बांधणारी संस्था बदलली तरी अर्ज आणि भरलेल्या प्रती सरकारच्याच ताब्यात राहतील, हे कंत्राटात लिहून घ्यावे. सरकारने स्वतः दिलेला दाखला नागरिकाकडून प्रत म्हणून मागू नये. क्रमांक घ्यावा आणि स्वतः पडताळावा. छापील प्रत जमा करण्याची सूचना काढून टाकावी आणि जेथे कायद्याने ती खरोखर आवश्यक आहे तेथे तो कायदा अर्जावर लिहावा.

यासाठी नवा कायदा, नवे महामंडळ किंवा मोठा खर्च लागत नाही. लोकसेवा हक्क कायद्याखाली प्रत्येक कार्यालयाला सेवांची यादी, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी जाहीर करावे लागतात. तो फलक आज कार्यालयाच्या भिंतीवर आहे. त्यात आणखी दोन रकाने वाढवावेत : अर्जाचा नमुना क्रमांक आणि त्याची चालू आवृत्ती. म्हणजे नागरिक, सेवा केंद्र चालवणारा आणि खिडकीमागचा लिपिक, तिघेही एकाच अर्जाविषयी बोलतील.

वाचकांनाही एक सांगणे आहे. ऑनलाइन अर्ज भरल्यावर पावतीवर समाधान मानू नका. भरलेल्या मजकुराची पूर्ण प्रत मागा, ती वाचा, तारखेसह जपून ठेवा. केंद्रात प्रत मिळत नसेल तर कार्यालयाकडे लेखी मागा. तुमच्या अर्जाची प्रत हा तुमचा हक्क आहे. आणि कार्यालयांसाठी कसोटी एकच : ज्या अर्जाचा क्रमांक, आवृत्ती आणि जबाबदार अधिकारी तुम्हाला सांगता येत नाही, तो अर्ज लोकांपुढे ठेवू नका.